सातपूरचा टर्नर आणि सौभद्र करणारी पोरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशकातल्या सातपूरचा, वय ६१. एमआयडीसीत ३४ वर्षं लेथवर काढली, टर्नर म्हणून लागलो आणि टर्नर म्हणूनच रिटायर झालो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पोराने दोन तिकिटं गळ्यात मारली म्हणून बायकोला घेऊन सायखेडकर नाट्यगृहात गेलो, संगीत सौभद्र नाटक होतं, आणि खरं सांगतो पहिल्या अंकात मला झोप लागली. हा शेजारचा पोरगा त्यात तबल्याला असतो. सगळी विशी-बाविशीची पोरंपोरी, कोणी इंजिनिअरिंगला, कोणी अंबडला पहिल्या शिफ्टला, एक पोरगी बँकेत चिकटलीय. मग एकदा हाच आला, म्हणे काका आमच्या ऑर्गनचा पायडल मारला की फुस्स आवाज येतो, बघता का जरा. बघितलं तर भात्याचं चामडं चिरलेलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, सोल्युशन लावलं, दाबून ठेवला रात्रभर, चालला. तेव्हापासून तालमीला जाऊन बसायला लागलो ते आजतागायत. प्रयोग तर अकरा बघितलेत.

आता मुद्दा. जी पोरगी सुभद्रा करते तिची एका पदात ताण घेतली की (ताणच म्हणतात ना? तान?) परत यायची जागा चुकायची. तीन आठवडे रोज चुकत होती, मी बघत होतो. प्रयोगाच्या दिवशी पण चुकली, भरल्या थेटरात. मला वाटलं गेलं काम, जॉब घासला. पण तिने तबल्याकडे बघितलं, त्याने मान हलवली, आणखी एक फेरी वाजवली, ती पुन्हा गेली आणि अशी बसली बरोबर की लोक टाळ्या मारायला लागले. मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत जागा. रिटायर झाल्यावर वर्षभर मी नुसता टीव्हीपुढे बसून होतो, आता परत पाचला उठतो, छोटा लेथ घेतलाय सेकंडहँड, शेडमधे काम करतो. घरचे हसतात की हे नाटक कंपनीचे फॅन झाले, बायको म्हणते पोरांच्यात म्हातारा कशाला. मला विचारलं त्यांच्यात असं आहे काय, तर मला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का?

— एक रिटायर्ड टर्नर, सातपूर

उत्तर : काका, आधी ट्यूबच्या तुकड्याबद्दल दंडवत घ्या. ते जुने पायपेटीवाले ऑर्गन दुरुस्त करणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि तुम्ही पंक्चर काढल्यासारखं काढून दिलंत. तानच म्हणतात, पण ताणही चालेल, ती पोरगी तीन आठवडे जे काही सोसत होती त्याला ताणच म्हणतात.

तुम्ही म्हणता गाण्यातलं कळत नाही. मला हे पटलेलं नाही, कारण तुम्ही जे बघितलंत ते हॉलमधल्या निम्म्या ‘जाणकार’ लोकांना दिसलं नसेल. ती जी परत यायची जागा आहे ना, तिला सम म्हणतात. समजा त्रिताल आहे, सोळा मात्रांची एक फेरी, पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा मधल्या मात्रांत कुठेही भटकून येवो, पण घरी यायचं ते पहिल्या मात्रेवर, अर्धी आधी नाही, अर्धी नंतर नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर फिटिंग आहे हे. शाफ्ट बोअरच्या भोकात जातो तसं, ढिला पण नको आणि ठोकून पण नको. तुम्ही ३४ वर्षं बोटाने मायक्रॉन ओळखलेत, तुमच्या कानाला ते बसलेलं कळणार नाही तर कोणाला कळणार. आणि मजा अशी की नाट्यपद हे छापील मापाचं नसतं, गाणारा त्या दिवशी किती वाढवेल हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, कधी दोन आवर्तनं म्हणजे फेऱ्या, कधी प्रेक्षक रंगले की सहा, वर वन्स मोअर आला तर परत पहिल्यापासून. म्हणून ऑर्गनवाला आणि तबलेवाला सतत त्याच्या तोंडाकडे बघत असतात. तुमच्या शेजारच्या पोराने जी एक फेरी जास्त वाजवली ती कुठे लिहिलेली नव्हती, ती त्याने तिला उधार दिली. तेही अशा वेळी जेव्हा ती नुसती गात नव्हती तर नऊवारी सांभाळत, चेहऱ्यावर सुभद्रेची चिडचिड ठेवत, लाइटच्या वर्तुळात उभी राहत गात होती. बैठकीत मांडी घालून गाणं वेगळं आणि हे वेगळं.

आता त्यांच्यात असं आहे काय, हा तुमचा प्रश्न. मी पत्र तीनदा वाचलं आणि मला वाटतं उत्तर तुम्हीच त्यात लिहून ठेवलंय, ‘जॉब घासला’ या दोन शब्दांत. शॉप फ्लोअरवर जॉब घासला की तो स्क्रॅपच्या डब्यात, वर सुपरवायझरचं तोंड, रिजेक्शनच्या रजिस्टरमधे नाव. तुम्ही सगळ्यांनी आयुष्यभर चूक होऊ नये म्हणून आणि झालीच तर कोणाला दिसू नये म्हणून काम केलं. आणि इथे एक बावीस वर्षांची मुलगी पाचशे माणसांसमोर तीच चूक करते जी तिला तीन आठवडे छळतेय, आणि पळत नाही, खोकला आल्याचं नाटक करत नाही, सरळ म्हणते थांबा, परत येते. आणि शेजारी बसलेला तिला जागा करून देतो. तुम्हाला झोप लागली नाही ती या जागा करून देण्यामुळे, असा माझा आपला अंदाज. रिटायर झाल्यावर माणसाला पैशापेक्षा हे जास्त लागतं की आपण कुठेतरी वेळेवर पोचायचंय आणि कोणीतरी आपली एक फेरी वाट बघेल. सेकंडहँड लेथ घेतलात, फार बरं केलंत.

मी स्वतः एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी अशाच एका पोरांच्या ग्रुपचा प्रयोग बघून मी चारचौघांत म्हणाले होते की ‘गॅदरिंगसारखं झालं’. नांदीला, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनाला, निम्मे सूर इकडेतिकडे, कृष्णाचा मुकुट कानावर येत होता, संन्यासी झालेल्या अर्जुनाची दाढी तिसऱ्या प्रवेशात सुटली. मी हसले. नंतर विंगेत गेले तर तोच अर्जुन, दाढी खिशात, एकटाच सगळे शेले घड्या घालून ट्रंकेत भरत होता कारण टेम्पो रात्री अकराला निघणार होता आणि सकाळी त्याचा पेपर होता, अप्लाइड मेकॅनिक्सचा. माझं ते वाक्य मला अजून टोचतं.

आणि पोरांचं म्हणाल तर संगीत नाटक हे पहिल्यापासून पोरांचंच काम आहे हो, आपल्याला ते म्हाताऱ्यांचं वाटायला लागलं कारण आपण त्याचे फक्त जुने फोटो बघतो. केशवराव भोसल्यांनी १९०८ ला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा ते जेमतेम सतरा-अठराचे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा जन्म १९०० च्या डिसेंबरातला आणि त्यांची बळवंत संगीत मंडळी निघाली १९१८ ला, म्हणजे आज ज्या वयाला आपण पोरांना गाडीची चावी देताना दहा सूचना करतो त्या वयात हे लोक कंपनी चालवत होते, पगार, सामान, गावोगावचे मुक्काम सगळं अंगावर घेऊन. नाशकाचं तर विचारूच नका. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या ते विजयानंद थेटरात, हे आपण शाळेत पाठ केलं, पण त्या रात्री तिथे लागलेलं नाटक संगीत शारदा होतं हे किती जणांच्या लक्षात असतं? साहेबाच्या निरोपालासुद्धा तेव्हा संगीत नाटक ठेवायचे. पुढे वसंत कानेटकर आपल्या एचपीटी कॉलेजात शिकवत होते, त्यांचं मत्स्यगंधा १९६४ चं, आणि त्याला ज्यांनी चाली दिल्या ते जितेंद्र अभिषेकी तेव्हा पस्तीसचे पण नव्हते. तर बायकोला सांगा, पोरांच्यात म्हातारा नाही बसलेला, जागा पोरांचीच आहे, तुम्ही पाहुणे आहात, नीट वागा म्हणजे झालं.

नीट वागा म्हणजे काय तेही सांगते, कारण फॅन लोकांचा मला थोडा अनुभव आहे. तिकीट काढून जा, अकरावा प्रयोग असला तरी. पास मागणारे काका-मामा भरपूर असतात आणि कालिदास किंवा सायखेडकर नाट्यगृहाचं भाडं पासवर भरता येत नाही. वन्स मोअर द्या पण दुसऱ्या अंकात हात आखडता घ्या, पोरीचा गळा तिसऱ्या अंकालाही लागतो. जुन्या काळी सौभद्र रात्रभर चालायचं, आता ही पोरं पदं कापून अडीच-तीन तासांत बसवतात, त्यावरून कोणी नाक मुरडलं तर तुम्ही त्यांची बाजू घ्या, मला विचाराल तर कापलेलंच बरं, शेवटची बस आणि पोरांची पहिली शिफ्ट दोन्ही सांभाळायचंय.

आणि एक. तुम्ही त्यांना कधी ती बालगंधर्वांची गोष्ट सांगायला जाऊ नका, संगीत मानापमान नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ ला, त्यांची लहान मुलगी गेली आणि तरी ते उभे राहिले ती. आपल्याकडे ती फार कौतुकाने सांगतात, प्रत्येक शिबिरात कोणीतरी सांगतंच. मोठा माणूस होता, वाद नाही. पण वीस वर्षांच्या पोरांना हे माप म्हणून देणं मला पटत नाही, माझ्या पोटात कालवतं. घरी कोणी आजारी असेल तर प्रयोग पुढे ढकला म्हणावं, तिकिटांचे पैसे आम्ही परत मागणार नाही. हे सांगायला तुमच्यासारखा एखादा मोठा माणूस तालमीत बसलेला असला तर बरंच आहे.

राहता राहिला ऑर्गन. ट्यूबचं रबर उन्हाळ्यात चिकट होतं, एप्रिलच्या आत एकदा उघडून बघा.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, बीएस्सीला आहे. गाण्याच्या क्लासमधल्या मैत्रिणी संगीत नाटकाचा ग्रुप काढतायत, राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरायचं म्हणतायत. तालीम रात्री साडेनऊपर्यंत असते. पाठवू का? अभ्यासाचं काय? — एक आई, इंदिरानगर

उत्तर : पाठवा. पण पहिले चार दिवस स्वतः जाऊन बसा, पहारा द्यायला म्हणून नाही, बघायला म्हणून. तालीम कुठे आहे, घरी कोण सोडतं, गाडी कोणाची आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि मुलीला त्याचा राग येईल, येऊ दे. अभ्यासाचं तिलाच विचारा, परीक्षेच्या तारखा आणि तालमीचं वेळापत्रक शेजारी शेजारी फ्रिजवर लावायला सांगा. आणि डब्यात तिच्यापुरतं देऊ नका, चार पोळ्या जास्त द्या, तिथे कोणीतरी अंबडहून सरळ आलेलं असतं.