दीड हजाराचा दर कुणी ठरवला?

(गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. मुलगा बी.कॉम. झाला आहे, वय २४. विक्रीला काढलेली घरं, फ्लॅट आणि होमस्टे यांचे फोटो काढतो. एका कामाचे दीड हजार घेतो, हंगामात महिन्याला साधारण नऊ कामं मिळतात. ‘यात पोट भरेल का, की तलाठी भरतीच्या अभ्यासाला बसवू? आणि ड्रोन घेऊन दिला तर कमाई वाढेल का?’ असं त्यांनी विचारलं आहे.)

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. ‘दीड हजाराच्या वर जाऊ नकोस असं मीच त्याला बजावलंय, एजंट आपल्या भावकीतले आहेत.’ आणि पुढच्याच परिच्छेदात तुम्ही लिहिता, ‘एवढ्याशा कमाईवर याचं लग्न कसं जमायचं?’ दर तुम्ही बांधून दिलात आणि कमाई कमी पडते म्हणून नाव ठेवताय त्याच्या धंद्याला. हे बरोबर नाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हा वर्गात भावकीतली मुलंही असतील. म्हणून तुमचा पगार कुणी कापला नाही. मग मुलाच्या मेहनतीतून भावकीचा मान का राखायचा?

दुसरी गोष्ट. त्याला स्वतःला काय वाटतं, हे पत्रात कुठेच नाही. एजंटने त्याचेच फोटो एका होमस्टेवाल्याला परस्पर दिले तेव्हा तो चिडला, एवढंच कळतं. तेव्हाही ‘जाऊ दे, संबंध बिघडवू नकोस’ म्हणून तुम्ही त्याला गप्प केलंत. चोवीस वर्षांच्या मुलाला आपल्या कामाचा दर सांगायची मुभा नसेल, तर तो परीक्षा देऊन साहेब झाला तरी समोरच्याला नाही म्हणायला कचरेल. मला काळजी वाटते ती याची.

आता हिशेब. कॅमेरा, वाइड लेन्स, ट्रायपॉड आणि लॅपटॉप मिळून २,४०,००० रुपये गेले, असं तुम्ही लिहिलंय. हे सामान चार वर्षं चाललं असं धरा. वर्षाला ६०,००० झाले. पेट्रोल, फेरीबोट, सॉफ्टवेअर, दुरुस्ती यांचे आणखी ६०,००० तुम्हीच मांडलेत. म्हणजे वर्षाचा खर्च १,२०,०००. पावसाचे चार महिने काम जवळजवळ बंद, म्हणून आठ महिन्यांची ७२ कामं. दीड हजाराने त्याचे येतात १,०८,०००. तुमचा मुलगा कमी कमावत नाही, तो वर्षाला बारा हजार पदरचे घालून लोकांची घरं विकायला मदत करतोय. महिन्याला २०,००० त्याच्या हातात पडायचे असतील, तर वर्षाला ३,६०,००० यायला हवेत, म्हणजे एका कामाला सरासरी ५,०००.

‘तासाभराचं तर काम’ असंही तुम्ही म्हणता. एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघा. जुनं चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं. पडवीत ऊन रणरणतंय आणि माजघरात दिवसा दिवा लागतो. डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका फोटोत दिसत नाही. म्हणून ट्रायपॉड न हलवता तीच चौकट कमीजास्त उजेडात तीन-पाच वेळा टिपायची, घरी येऊन ते फोटो एकमेकांत बसवायचे आणि कललेले खांब सरळ करायचे. तासाभराच्या कामामागे अर्धा दिवस असा जातो. मुंबईचं गिऱ्हाईक सहा-सात तासांचा प्रवास करून घर बघायला यायचं की नाही, हे त्या फोटोंवरूनच ठरवतं.

एका गैरसमजावर मात्र सविस्तर लिहिते, कारण तो मुलाला बुडवेल. ‘घर विकलं की एजंट पैसे देतात, तेही न्याय्यच आहे,’ असं तुमचं मत. अजिबात न्याय्य नाही. कोकणात व्यवहार कुठे अडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सातबारा सामायिक, वारसांची नोंद राहिलेली, एक हिस्सेदार बोरिवलीला तर दुसरा बडोद्याला, आणि आत्याची सही मिळता मिळत नाही. घर विकलं न जाण्याची अशी दहा कारणं असतात आणि त्यातलं एकही फोटोग्राफरच्या हातात नसतं. एजंटला दलाली मिळते, म्हणून त्याने धोका पत्करायचा. दलालीत वाटा नसलेल्या मुलाने का पत्करावा? निम्मे पैसे काम ठरताना आणि उरलेले फोटो हातात देताना, हाच नियम. पंधरा घरांचे पैसे थकलेत असं तुम्ही सहज लिहून गेलात, ते मला सहज वाटत नाही.

सगळ्यांना सरसकट ५,००० लावू नका. बिल्डरने एकाच इमारतीतले चार फ्लॅट दिले तर प्रत्येकी कमी चालेल. वाडीसकट जुनं घर असेल तर जास्त. होमस्टेवाला तेच फोटो अनेक हंगाम वापरतो, त्याला आठ-दहा हजार सांगायला हरकत नाही. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून दापोलीकडे जायचं असेल तर प्रवासखर्च वेगळा. आणि फोटो कोण, कुठे, किती दिवस वापरणार हे आधी लिहून घ्यायचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच ठरतो. परदेशी फोटोग्राफरांचे व्हिडिओ बघून ‘फोटो आपण काढला म्हणजे आपलाच’ असं मुलं धरून चालतात आणि इथेच फसतात. व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहून समोरच्याचा होकार घेतला तरी निदान पुरावा राहतो.

ड्रोन आत्ता नको. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण आलं. त्या खर्चाची भर आजच्या दरात घालू नका.

दर वाढला की काही एजंट सुटतील, हे धरून चला. म्हणून नवा दर आधी नव्या गिऱ्हाइकांना आणि होमस्टेवाल्यांना सांगायचा. ऑक्टोबर ते मे असा एक पूर्ण हंगाम त्याला द्या. तरीही कामं जमली नाहीत, तर एकट्या गुहागरवर हा धंदा चालत नाही असं समजून चिपळूण-रत्नागिरीची कामं धरावी लागतील, किंवा जोडीला नोकरी बघावी लागेल. तलाठी भरतीचा अर्ज त्याला स्वतःला भरावासा वाटला तर भरू दे, पदवी आहेच.

भावकीतल्या एजंटांना फोन मात्र तुम्हीच करा. दीड हजाराचा शब्द तुम्ही दिला होतात, तो तुम्हीच मागे घ्यायला हवा. त्याच फोनवर थकलेल्या पंधरा घरांची यादी वाचून दाखवा आणि पैसे कधी देणार ती तारीख घ्या. त्यानंतर दराचं बोलणं मुलाकडे सोपवा.