इम्प्लांट घट्ट आहे, मग पू कसला?

प्रश्न: डॉक्टर, वय ५८, शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं, चावायला एकदम मस्त. पण दोन महिने झाले ब्रश करताना तिथून रक्त येतं, हिरडी दाबली की थोडा पू. दुखत नाही, हलतही नाही. अँटिबायोटिक घेतली की आठ दिवस बरं, परत तेच. चालवून घेऊ का?

उत्तर: नाही काका, आणि दुखत नाही म्हणून तर अजिबातच नाही. आपल्या दाताला हाडात धरून ठेवणारे बारीक तंतू असतात, ते गेले की दात हलतो आणि आपण दवाखान्यात पळतो. इम्प्लांटला ते तंतूच नाहीत, स्क्रू थेट हाडाला चिकटलेला, त्यामुळे वरचं हाड झिजत गेलं तरी खालच्या आट्यांवर तो घट्ट उभा असतो आणि ज्या दिवशी हलतो त्या दिवशी काढण्याशिवाय काही उरत नाही.

आधी एक्स-रे काढा, आणि स्क्रूवर कॅप (वरचा खोटा दात) बसवली तेव्हाचा जुनाही मागून घ्या, दोन्ही शेजारी ठेवले की हाड किती गेलं ते कळतं. जुना नसेल तर रक्त-पू, हिरडी आणि इम्प्लांटच्या मधल्या फटीची खोली ६ मिमी किंवा जास्त आणि ३ मिमी किंवा जास्त हाड गेलेलं, असं दिसलं की पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारी जंतूंची सूज, धरतात. हाड शाबूत असेल तर नुसती हिरडीची सूज, ती साफसफाईने पूर्ण बरी होऊ शकते. तुम्हाला पू येतोय म्हणून मला हाडाचीच शंका जास्त.

नुसत्या गोळ्यांनी हे जात नाही कारण जंतू स्क्रूच्या आट्यांत थर करून बसलेले असतात, तो थर खरवडूनच काढावा लागतो. कधी कधी कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेलं सिमेंटच मूळ कारण निघतं (हे बरेचदा बघितलंय). साफसफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी परत मोजायचं, तरी पू असेल तर हिरडी उघडून साफ करतात, हाडात पडलेला खड्डा वाटीसारखा असेल तर त्यात बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरतात. गेलेलं हाड सगळं परत येईल असं मात्र कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा जपून.

जाताना एचबीए१सीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट न्या. तंबाखू-मिश्रीचं तुम्ही काही लिहिलं नाहीये, असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.