‘पत्नी तक्रार मागे घेतेय’ एवढ्याने कॅलिफोर्नियातली केस संपत नाही

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात एच-१बीवर आहे, पत्नी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर. भांडणात तिच्या हातातला फोन मी हिसकावला, तिच्या मनगटावर वळ उठला. तिने ९११ला फोन केला. पोलिसांनी मला नेलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. कागदावर कलम २४३(ई)(१), म्हणजे जोडीदारावर हात टाकणं, आहे, पुढच्या आठवड्यात तारीख. पत्नी तक्रार मागे घ्यायला तयार आहे असं आईकडून कळलं. घरचे पुण्याहून तिच्याशी बोलत आहेत. मित्र म्हणतो, ‘नो कॉन्टेस्ट’ (आरोप कबूल नाही, पण लढतही नाही) म्हण, तुरुंग टळेल. काय करू?

उत्तर : आधी पुण्याला फोन करा आणि हे बोलणं आजच थांबवायला सांगा. अटकेच्या रात्री पोलीस बहुधा न्यायाधीशांकडून तातडीचा संरक्षण आदेश घेतात. तो कोर्टाच्या कामकाजाचे ५ दिवस किंवा एकूण ७ दिवस, यांतलं जे आधी संपेल तोवर चालतो. पहिल्या तारखेला न्यायाधीश सहसा केस संपेपर्यंतचा नवा आदेश काढतात. ‘संपर्क नाही’ असा आदेश असेल तर आईमार्फत धाडलेला निरोप हासुद्धा संपर्कच. घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिला उद्देशून टाकलेली ओळही त्यातच आली. तिने स्वतः फोन केला तरी तो उचलून भंग तुमच्याकडूनच होतो. आदेश कोर्टाचा आहे, सूट द्यायचा अधिकार तिला नाही. भंग हा वेगळा गुन्हा आहे, आणि इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारणही होऊ शकतो. ‘साक्ष देऊ नकोस’ असा आग्रह घरच्यांनी धरला, तर साक्षीदाराला परावृत्त केल्याचा, याहून गंभीर आरोप लागू शकतो. शिवाय परक्या देशात एकट्या पडलेल्या मुलीवर दोन्ही घरांनी मिळून दबाव आणणं हे मुळातच चूक आहे. तिला स्वतःचा वकील मिळू द्या.

तक्रार ‘मागे घेणं’ ही आपल्याकडची कल्पना. भारतात दोघांत समेट झाला की हायकोर्टात जाऊन ४९८-अचा (आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५) एफआयआर रद्द करून घेता येतो. इथे फिर्यादी तुमची पत्नी नाही. केसच्या शीर्षकावर ‘द पीपल ऑफ द स्टेट ऑफ कॅलिफोर्निया’ असतं आणि निर्णय डिस्ट्रिक्ट अॅटर्नीचा, म्हणजे सरकारी वकिलाचा. किरकोळ गुन्ह्यांत चालणारी भरपाई देऊन तडजोड घरगुती हिंसाचाराला कायद्यानेच वगळली आहे. २०२१पासून न्यायाधीशांना मिसडिमीनरमध्ये (कमी गंभीर गुन्ह्यात) डायव्हर्जन देता येतं, म्हणजे खटला थांबवून, अटी पाळल्यावर केस काढून टाकता येते, पण त्यातूनही २४३(ई) बाहेर. साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तिला तुरुंगात टाकत नाहीत, तरी केस चालू शकते. संकटात मदत मागताना ९११ला सांगितलेलं, ती कोर्टात आली नाही तरी पुरावा म्हणून येऊ शकतं, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००६मध्ये डेव्हिस खटल्यात ठरवलंय. सोबत पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि मनगटाचा फोटो असतोच.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. हा सल्ला तुम्हाला सगळ्यात महाग पडेल. नो कॉन्टेस्ट म्हणजे इमिग्रेशनच्या हिशेबात सरळ दोषसिद्धी. पुढे प्रोबेशन पूर्ण करून इथल्या कोर्टाने केस काढून टाकली तरी ती तिथे राहतेच. आणि तुरुंग टळला तरी किमान ३ वर्षं प्रोबेशन (कोर्टाच्या देखरेखीखाली अटी पाळणं) आणि घरगुती हिंसाचार करणाऱ्यांसाठीचा ५२ आठवड्यांचा, दर आठवड्याला २ तासांचा वर्ग चुकत नाही.

कलमाचा आकडा इथे फार महत्त्वाचा. २४३(ई)(१)ला जास्तीत जास्त ३६४ दिवस काउंटी जेल आणि २,००० डॉलर दंड आहे. त्यात नुसता अपमानकारक स्पर्शही बसतो, म्हणून बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने २००६च्या सानुदो प्रकरणात म्हटलं की या कलमाखालची शिक्षा आपोआप हद्दपारीचा ‘घरगुती हिंसाचार’ ठरत नाही. २७३.५ला मात्र शारीरिक इजा लागते, आणि ते मिसडिमीनर म्हणून लावलं तरी हद्दपारीला पुरतं. तुमच्या प्रकरणात वळ आहे. म्हणजे सरकारी वकील कलम बदलून २७३.५ लावू शकतात. फोन हिसकावल्यामुळे ५९१.५, म्हणजे मदत मागू नये म्हणून फोन अडवणं, हेही येऊ शकतं. ती ९११ लावत असताना फोन घेतलात की त्याआधी, या काही सेकंदांवर बचाव फिरेल. पण हा खुलासा फक्त वकिलासमोर. पोलिसांना ‘वकिलाशिवाय बोलणार नाही’ एवढंच. मला लिहिलेलं ते वळाचं वाक्यही दुसऱ्या कुणाला लिहू नका.

वकील आजच गाठा. ऐपत नसेल तर पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारकडून मिळणारा वकील, मागा. पहिल्या तारखेला स्वतः हजर राहा, घरगुती हिंसाचारात नुसता वकील पाठवून भागत नाही. त्या दिवशी ‘नॉट गिल्टी’ म्हणा आणि पुरावे मागवा. तुम्हालाही ओरखडे असतील तर तारखेसह फोटो आजच काढा, चार दिवसांत खूण जाते. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जायच्या आत उतरवून ठेवा. तुमच्या विरोधात जाणारं असलं तरी पुसू नका. पत्नीची खरोखर इच्छा असेल तर ती कोर्टातल्या पीडित-साहाय्यकाला स्वतः सांगेल, आणि वकील ‘शांततेने संपर्क’ एवढाच आदेश मागू शकतील. घरातले कपडे, लॅपटॉप, पासपोर्ट आणायला एकटे जाऊ नका. आदेशात मुभा असेल तर पोलिसांसोबत.

वकिलाला पहिल्याच भेटीत व्हिसा सांगा. पडिया खटल्यानंतर, २०१०पासून, हद्दपारीचा धोका अशिलाला समजावणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. कॅलिफोर्नियात गुन्हा कबूल करण्याचा सौदा करताना सरकारी वकिलांनीही तो लक्षात घ्यायचा असतो. कोणताही सौदा इमिग्रेशन वकिलाने लेखी तपासल्याशिवाय सही करू नका.

भारताचं तिकीट काढलेलं असेल तर रद्द करा. अटकेनंतर अमेरिकन वकिलात व्हिसाचा शिक्का रद्द करू शकते. तुम्ही इथे असाल तर त्याने आय-९४, म्हणजे इथे राहायच्या मुदतीची नोंद, आपोआप संपत नाही; पण बाहेर पडलात की मुंबईत नव्या शिक्क्यासाठी उभं राहावं लागेल, आणि तेव्हा ही केस उघडी असेल.