ती फोनवर रडते, तिला परत आणावे का?

इंग्लंडमधल्या निवासी सिक्स्थ फॉर्ममध्ये मूल पाठवलेल्या पालकांकडून दिवाळीच्या आगेमागे हमखास येणारा प्रश्न हा आहे : मूल फोनवर रडते, ‘मला इथे जमत नाही’ असे म्हणते, तर त्याला परत आणावे का? नाशिकच्या ज्या आईवडिलांनी समुपदेशक म्हणून मला हा प्रश्न विचारला, त्यांची मुलगी दक्षिण इंग्लंडमधल्या अशाच एका खासगी, कलाप्रधान संस्थेत सप्टेंबरमध्ये दाखल झाली होती. (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.)

सिक्स्थ फॉर्म म्हणजे तिथल्या शालेय शिक्षणाची सोळा ते अठरा या वयातली शेवटची दोन वर्षे. मुले बहुधा तीनच विषय घेतात आणि ए-लेव्हलची परीक्षा देतात. कलाप्रधान संस्थांमध्ये चित्रकला, छायाचित्रण, नाटक हे विषय गणित-भौतिकशास्त्राच्या पंगतीला बसतात आणि तास संपल्यावरही मुले स्टुडिओत किंवा तालमीत असतात. या मुलीला वास्तुकलेकडे जायचे होते, म्हणून तिने गणित, भौतिकशास्त्र आणि कला घेतली होती, आणि उत्साहाच्या भरात छायाचित्रण हा चौथा विषयही.

आईच्या मते मुलगी एकटी पडली होती. वडिलांच्या मते मुळात कलेच्या वाटेला जाणेच चुकले होते. शिवाय जानेवारी २०२५ पासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाल्यामुळे त्यांचा हिशेब वाढला होता आणि तो हिशेब, आईच्याच शब्दांत, ‘बोलता बोलता तिच्या कानावर जातच होता’. मी दोघांचेही ऐकून घेतले आणि मुलीशी स्वतंत्रपणे बोलण्याची परवानगी मागितली, कारण सोळा-सतरा वर्षांचे मूल आईवडिलांच्या देखत त्यांना मान्य होईल असेच दुःख सांगते, असा माझा अनुभव आहे.

तिला मी ‘करमतंय का’ असे विचारले नाही. रडू नेमके कधी येते, एवढेच विचारले. घरून फोन येतो तेव्हा, असे ती म्हणाली. आईवडील जेवणे आटोपून रात्री साडेनऊला फोन करत. ऑक्टोबर संपेपर्यंत तेव्हा इंग्लंडमध्ये पाच वाजलेले असतात आणि हिवाळ्यासाठी तिथली घड्याळे तासभर मागे गेल्यावर चार. म्हणजे दिवसभराचा शीण अंगावर असताना आणि बाकीची मुले स्टुडिओकडे निघत असताना ही मुलगी खोलीचे दार लावून ‘जेवलीस का, मैत्रिणी झाल्या का’ या प्रश्नांना उत्तरे देत असे. डिसेंबरच्या सुरुवातीला तर तिथे चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. अशा वेळी कोणाचाही बांध फुटेल.

पण एवढ्याने ‘जमत नाही’ या शब्दांचा उलगडा होत नव्हता. म्हणून मी तिला तिची स्केचबुक दाखवायला सांगितले. तिने ती कॅमेऱ्यासमोर धरली. वही विलक्षण बारीक झाली होती आणि शिवणीपाशी ब्लेडने कापलेल्या पानांच्या पट्ट्या एकावर एक दिसत होत्या. उरलेली पाने देखणी होती. एका पानावर मात्र शिक्षिकेने चिकटवलेली चिठ्ठी होती, आणि ‘इथपर्यंत तू कशी पोहोचलीस?’ अशा आशयाचा प्रश्न तिच्यावर लिहिलेला होता.

“मॅडम, चुकलेली पानं मी काढून टाकते,” ती म्हणाली. “त्यांना वाटतंय मी कुठून तरी बघून काढलं.”

या मुलीला इंटरमिजिएटमध्ये ‘ए’ श्रेणी होती. स्थिरचित्र असो वा संकल्पचित्र, आपल्याकडच्या रेखाकला परीक्षेत ठरलेल्या वेळात एक पूर्ण झालेला, स्वच्छ कागद द्यायचा असतो आणि त्या कागदावरच श्रेणी ठरते. ए-लेव्हलच्या कलेत ६० टक्के गुण दीर्घकाळ चाललेल्या वैयक्तिक शोधाला असतात, त्यात किमान १००० शब्दांचे लेखनही असते. उरलेले ४० टक्के परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला. दोन्हीकडे कल्पना कशी वाढवली, माध्यमे कशी पारखली, निरीक्षणे कशी टिपली हे अंतिम कृतीइतकेच तोलले जाते. म्हणजे ही मुलगी रोज रात्री आपल्या हाताने आपले गुण कापून कचऱ्यात टाकत होती आणि शिक्षिकेच्या साध्या पृच्छेला आरोप समजत होती. शेजारच्या मुलांच्या चहाचे डाग पडलेल्या, फुगलेल्या वह्या पाहून ही मुले किती बेफिकीर आणि तरीही शिक्षिकेची लाडकी, असे तिला वाटे. मैत्री कुठून व्हावी?

पालकांना मी सांगितले की हे एकटेपण खरे आहे, पण ते कामाच्या गोंधळातून आलेले आहे, आणि परत आणल्याने हा गोंधळ सुटणार नाही. मुलीने शिक्षिकेला स्वतःहून सगळे सांगावे, असे ठरले. त्याला तिला आठवडा लागला. ट्यूटरच्या संमतीने छायाचित्रण सुटले. फोन रोजच्याऐवजी बुधवारी आणि रविवारी, तोही तिच्या सकाळी किंवा दुपारी, असा झाला. रोजच्या फोनवर आईने सहजासहजी पाणी सोडले नाही, आणि ते स्वाभाविकच होते. वडिलांनी फीचा विषय मुलीसमोर काढायचा नाही, हे मात्र मी विनंतीच्या नव्हे तर अटीच्या सुरात सांगितले. सत्राच्या मधल्या सुट्टीत वसतिगृहे पुष्कळदा बंद असतात आणि परदेशी मुलांना पालकांनी नेमलेल्या तिथल्या गार्डियनकडे राहावे लागते. तो आठवडा सर्वांत जड जातो, हे आधीच सांगून ठेवल्यामुळे घाबरगुंडी उडाली नाही.

मात्र प्रत्येक रडणे असे नसते. मूल जेवण टाळू लागले, झोपेनासे झाले, तासांना जाईनासे झाले किंवा जगण्याविषयी निरवानिरवीचे बोलू लागले, तर समुपदेशकाच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी हाउसपेरेंटला, म्हणजे वसतिगृहात मुलांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीला, आणि गार्डियनला कळवावे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती तिथल्या प्रत्येक शाळेत असते. त्याखेरीज निवासी मुलांना शाळेच्या कर्मचाऱ्यांपैकी नसलेल्या एका स्वतंत्र व्यक्तीशी बोलता यावे, अशीही तरतूद आहे. तिचा क्रमांक मुलाला माहीत आहे का, हे पालकांनी पहिल्याच आठवड्यात विचारावे. बहुतेक जण विचारत नाहीत.

परत आणण्याचा निर्णय घ्यायचाच असेल, तर तो व्यवहार पाहून घ्यावा. ए-लेव्हलची मुख्य परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी होते, त्यामुळे अध्येमध्ये सोडल्यास हाती सहसा कोणतेही प्रमाणपत्र येत नाही, आणि इकडे अकरावीचे प्रवेश तोवर आटोपलेले असल्याने वर्ष जाण्याचीच शक्यता अधिक. या कुटुंबाने निर्णय मार्चअखेरपर्यंत पुढे ढकलला आणि ती तारीख मुलीलाही सांगितली. रविवारी संध्याकाळी तिला अजून रडू येते. मार्चमध्ये राहायचे की परतायचे यावर पहिले मत तिचे असेल, हे वडिलांनी मान्य केले आहे.