पक गेल्यानंतर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची चित्रफीत मिळाली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या लाल आणि निळ्या या दोन्ही संघांत तुझी निवड झाली नाही, त्यामुळे राष्ट्रीय शिबिर आणि जानेवारीतली अठरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा आता तुझ्यापुरती संपली, आणि अशा स्थितीत आइस हॉकीत राहावे की सगळे लक्ष बारावीच्या गुणांकडे वळवावे, असे तू विचारले आहेस. तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. "ताई, तिला चार धीराचे शब्द लिहा," अशी गळ तिने मला घातली. ते शब्द तुला घरात पुरेसे मिळत असणार, म्हणून मी थेट चित्रफितीकडे वळते.

विद्यापीठांच्या प्रशिक्षकांसाठी तू ती तयार केली आहेस आणि तुझे हात किती चांगले आहेत, हे तीवरून कोणालाही कळेल. मात्र तिच्यातला प्रत्येक तुकडा पक, म्हणजे ती रबरी चकती, तुझ्या स्टिकवर आला की सुरू होतो, आणि पक गोलमध्ये गेला किंवा तुझ्याकडून निसटला की तिथल्या तिथे कापलेला आहे. एकाच ठिकाणी कापायला तुला क्षणभर उशीर झाला. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे त्यांच्या भागात, समोरच्या मुलीने तुझा पक टोचून काढला, त्यावर तू दोन्ही हात पसरून पंचाकडे पाहिलेस, मग गोलच्या मागून एक भलामोठा वळसा घेतलास आणि पाय न हलवता घसरत परत निघालीस. तोवर प्रतिस्पर्धी संघाच्या तिघी मधली रेषा ओलांडून गेल्या होत्या. निवड समितीने तुला का वगळले, हा प्रश्न तू पत्रात तीन वेळा विचारला आहेस. त्याचे उत्तर तू स्वतःच मला पाठवले आहेस.

पक गेला की थांब, वळ आणि मागे धाव. मला सांगायचे आहे ते एवढेच आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण एकदा सांगून ते कोणाच्या पायात उतरल्याचे मी पाहिलेले नाही.

थांबणे आणि वळसा घेणे यांतला फरक नीट समजून घे. वळसा घेणाऱ्या मुलीला आपला वेग टिकवल्यासारखे वाटते, पण ती पंधरा-वीस फूट जास्तीचे अंतर कापते आणि तेवढा वेळ तिची पाठ खेळाकडे असते. जी दोन्ही स्केट्स आडवी टाकून बर्फाचा फवारा उडवत जागच्या जागी थांबते आणि पहिली तीन पावले जोर लावून टाकते, ती तिघींच्या चढाईतल्या तिसरीला गाठते. ही तिसरीच महत्त्वाची असते. पक घेऊन येणारीकडे आपल्या डिफेन्सच्या दोघी बघून घेतात. मागून सावकाश येऊन गोलसमोरच्या मोकळ्या जागेत उभी राहणारी मुलगी कोणाचीच नसते, म्हणून ती तुझी असते. तिला गाठायचे, तिच्या स्टिकवर आपली स्टिक ठेवायची आणि पकच्या मागे लागायचे नाही. तू खेळतेस त्या स्तरावर मुलींच्या खेळात अंगावर आदळून अडवण्याला परवानगी नाही, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्या मुलीपाशी पाय अडकवणे किंवा स्टिकने ओढणे एवढेच उरते आणि दोन्हींसाठी दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. तुझ्या बहुतेक पेनल्ट्या अशाच आहेत. त्यांचा दोष तू पंचांना देतेस, मी तुझ्या वळशाला देते.

दुसऱ्या सत्रात तर हे अधिकच जाणवते. बाजू बदलल्यामुळे बेंच आपल्या गोलपासून लांब जातो, थकलेल्या मुलींना बदली होण्यासाठी दूरचे अंतर कापावे लागते, आणि जिची शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एका वेळची पाळी, पाऊण मिनिटाऐवजी सव्वा मिनिटावर गेली आहे ती नेमकी त्याच वेळी पक गमावते. तुझ्या शिफ्ट लांबतात. गोल हुकला की "अजून एकदा" म्हणून तू थांबतेस, हे मला गेल्या हिवाळ्यापासून दिसते आहे.

तू नेला लोपुशानोव्हाचा दाखला दिला आहेस. २०२३ साली स्वीडनमधील ओस्टरसुंड येथे याच अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत स्लोव्हाकियाच्या या मुलीने गोलच्या मागे उभे राहून पक स्टिकच्या पात्यावर उचलला आणि खांद्याच्या उंचीवरून वरच्या कोपऱ्यात टाकला. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या महिलांच्या स्पर्धांत तसा गोल त्याआधी झालेला नव्हता. चौदा वर्षांची असतानाच ती स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. मीही तो गोल कितीदा तरी पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडून "वा" निघते. तू सरावानंतर अर्धा तास तीच करामत घोटत असतेस, तेही मला ठाऊक आहे. खुशाल घोट. पण त्याच स्पर्धेचा अंतिम सामना पाहिलास का? उपांत्य फेरीत अमेरिकेला बाहेर काढून आलेल्या स्वीडनला कॅनडाने १०-० असे हरवले. सगळ्यांनी दहा गोलांचे कौतुक केले. मला त्यातले शून्य अधिक मोलाचे वाटले. २०२५ मध्ये फिनलंडमधील वांता येथे कॅनडाने अमेरिकेविरुद्धचा अंतिम सामना ३-० असा जिंकला, म्हणजे पुन्हा शून्यच. समोर अमेरिकेसारखा संघ असताना साठ मिनिटे एकही गोल होऊ न देणे एकट्या गोलरक्षक मुलीच्या हातून होत नाही, त्यासाठी फॉरवर्ड मुलींना मागे धावावे लागते.

"माझी वेळ निघून गेली" हे तुझे वाक्य मी मनावर घेत नाही. ही स्पर्धा २००८ साली कॅलगरीत सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी आपल्या घरच्या बर्फावर कॅनडाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले आणि पुढच्या वर्षी जर्मनीतील फ्युसेन येथेही तेच झाले. दोन्ही वर्षी कॅनडाच्या संघात फॉरवर्ड मारी-फिलिप पुलँ होती. या स्पर्धेचे सुवर्ण तिला कधीच मिळाले नाही. २०१० मध्ये व्हॅंकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला २-० असे हरवले, तेव्हा दोन्ही गोल अठरा वर्षांच्या पुलँचे होते. त्यानंतरच्या तिच्या गोलांची यादी तुला पाठ आहे. यादीत न मावणारा भाग असा की ती बर्फाच्या दोन्ही टोकांना सारखीच खेळते, आणि म्हणूनच शेवटच्या मिनिटाला, आघाडी असो वा पिछाडी, प्रशिक्षक तिलाच पाठवतात. तुला शेवटच्या मिनिटाला बेंचवर बसवतात, ही तुझी तक्रार आहे ना? मग पक गेला की थांब, वळ आणि मागे धाव.

आता एक गोष्ट सांगते, कारण ती तुझ्या कानावर दुसऱ्या कोणाकडून तरी आलीच असेल. काही वर्षांपूर्वी माझ्या संघात एक मुलगी होती, तुझ्याहूनही हाताने चांगली. बाद फेरीच्या सामन्यात ती दोनदा पक गमावून घसरत परत आली. दुसऱ्या वेळी आमच्यावर गोल झाला, आणि तिसऱ्या सत्राची शेवटची दहा मिनिटे मी तिला बेंचवरून उठू दिले नाही. आम्ही एका गोलने हरलो. तिच्या पालकांनी क्लबकडे माझ्याविरुद्ध लांबलचक पत्र दिले, त्या उन्हाळ्यात तिने खेळ सोडला आणि पुढच्या हंगामात तो संघ माझ्याकडे राहिला नाही. मी एका मुलीची कारकीर्द संपवली, असे आजही काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. सरावात मी तिला हेच वर्षभर सांगत होते, आणि त्या दिवशी तिला पुन्हा बर्फावर पाठवले असते तर मागे धावणाऱ्या बाकीच्या मुलींना मी काय उत्तर दिले असते? तिच्या जागी माझी स्वतःची मुलगी असती, तरी मी तिलाही बसवले असते. ती मुलगी खेळत राहिली नाही, याचे दुःख मात्र मला आहे आणि ते कमी होत नाही. कधीतरी बाजारात भेटली की ती नीट बोलते, तब्येतीची चौकशी करते, आणि हॉकीचा विषय आम्ही दोघीही काढत नाही.

माझ्या या हट्टाचे मूळ सांगलीतल्या मैदानावर आहे. तिथे मातीवरची हॉकी खेळताना मी केलेले गोल सगळ्यांनी मोजले, पण पक्क्या वयात येईपर्यंत मला मागे धावायला कोणी लावले नाही. खेळाचा अर्धा भाग मला चाळिशीत, या देशात, दुसऱ्यांच्या मुलींच्या बेंचमागे उभी राहून कळला. तुला तो सोळाव्या वर्षी कोणी बजावून सांगत असेल, तर त्याचा राग धरू नकोस. किंवा धर, राग धरूनही मागे धावता येते.

डिफेन्समध्ये खेळून बघ, असे तुझ्या प्रशिक्षकांनी सुचवले, ते तुला पायउतार केल्यासारखे वाटले. एक हंगाम खेळ. अंगावर तिघी येतात आणि आपली फॉरवर्ड दूर कुठेतरी हात पसरून उभी असते, तेव्हा काय वाटते ते कळेल. बारावीचा अभ्यास आणि हॉकी यांत निवड करण्याचा प्रश्न मला खरा वाटत नाही. तुझ्या बरोबरीच्या मुली दोन्ही करत आहेत आणि विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना गुणपत्रिकाही हवी असते.

चित्रफीत तेवढी बदल. गोलांचे तुकडे एका मिनिटात बसव आणि त्यानंतर एकाच सामन्यातल्या चार-पाच पूर्ण शिफ्ट न कापता जोड, बेंचवरून उतरल्यापासून परत बसेपर्यंत. त्यांत पक गमावलेली एक तरी शिफ्ट असू दे. तशी दाखवण्याजोगी शिफ्ट आज तुझ्याकडे नसेल, तर ती मिळेपर्यंत कोणालाही काही पाठवू नकोस. शनिवारी सकाळी सहा ते सात रिंक आपल्याकडे आहे. पक आणू नकोस, स्केट्सना धार लावून ये, आणि तुझ्या धाकट्या भावालाही घेऊन ये, कारण मला समोरून धावणारे कोणीतरी हवे आहे.

तुझी,
काकू