जिम सुटल्यावर काय खावं? मेसच्या डब्यावर भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, वजन ६२ किलो, पुण्यात पीजीमध्ये राहता, दोन वेळा मेसचा डबा, मांसाहार नाही पण अंडी चालतात. संध्याकाळी सात ते सव्वाआठ जिम. ट्रेनर म्हणतो, अर्ध्या तासात प्रोटीन पावडर घेतली नाही तर केलेला व्यायाम वाया जातो. तेवढे पैसे नाहीत, मग काय खाऊ?

आधी तुमची काळजी मिटवतो. व्यायाम वाया जात नाही. वजनं उचलल्यानंतर स्नायूंची दुरुस्ती आणि वाढ एक दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ चालू असते. अर्ध्या तासात दार बंद होतं, असं काही नाही. सव्वाआठला जिम सुटली आणि नऊला तुम्ही जेवायला बसलात तर ते अगदी वेळेवर आहे. खरा प्रश्न त्या ताटात काय आहे आणि त्याआधी तुम्ही कधी खाल्लं होतं, हा आहे.

मी कोल्हापूरकडचा. शाळा-कॉलेजात असताना तालमीत जायचो. तिथे व्यायामाला ‘मेहनत’ म्हणायचे आणि खाण्याला ‘खुराक’, आणि हे दोन शब्द कुणी वेगळे उच्चारतच नसे. पहाटे जोर-बैठका आणि लढत झाली की वस्ताद लगेच काही खाऊ देत नसत. आधी घाम मुरू द्यायचा, श्वास ताळ्यावर येऊ द्यायचा. मग रात्री भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटून केलेली थंडाई, दुधातली. ती चव अजून जिभेवर आहे. पण ती थंडाई तुम्ही करावी असं मी म्हणणार नाही. ५० बदाम म्हणजे साधारण ६० ग्रॅम, त्यातून १२-१३ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि सोबत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी येतात. दिवसातून दोनदा घाम गाळणाऱ्या पैलवानाला त्या हव्याच असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला ५० ग्रॅम फुटाण्यांतून जवळपास तेवढंच प्रोटीन निम्म्याहून थोड्याच जास्त कॅलरींत आणि फार कमी पैशांत मिळतं.

नोकरीला पुण्यात आलो तेव्हा मीही मेसवर जेवायचो. पहिल्याच महिन्यात जिममधल्या सल्ल्यावरून पावडरचा डबा घेतला, मेसच्या महिन्याच्या बिलाएवढा महाग. सकाळी पोहे, दुपारी-रात्री तीच पातळ आमटी, आणि जिमनंतर एक स्कूप. तीन महिन्यांत फार काही बदललं नाही. तेव्हा वहीत रोजचं खाणं लिहून काढलं आणि लक्षात आलं की उपाशी दिवसावर मी एक स्कूप टाकत होतो.

तुमचाही हिशोब करू. वजनं उचलणाऱ्या माणसाला दर किलोमागे साधारण १.४ ते १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ६२ किलोला म्हणजे दिवसाला ९० ते १०० ग्रॅम. आता डबा उघडा. चार पोळ्यांचे १२ ग्रॅम, वाटीभर पातळ डाळीचे ४-५, भाताचे ३, भाजीचे २. एका डब्यात जेमतेम २२. दोन डबे ४४, सकाळचे पोहे आणि चहातलं दूध धरून गाडी ५० ते ५५ वर थांबते. कमी पडतात ४० ते ४५ ग्रॅम. ही तूट जिमनंतरच्या एका ग्लासाने भरायची नसते, ती दिवसभरात वाटून भरायची असते.

सगळ्यात स्वस्त उपाय सोया चंक्स. कोरड्या ५० ग्रॅममध्ये २५-२६ ग्रॅम प्रोटीन. पीजीत गॅस नसेल तर पाणी तापवायची किटली तरी असेलच. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पिळा, पुन्हा गरम पाणी घाला, पुन्हा पिळा. दोनदा पिळल्याशिवाय तो वास जात नाही आणि मग माणूस आठवड्यात कंटाळून सोडतो. नंतर दही, मीठ, तिखट, चिरलेला कांदा, असला तर लिंबू. हे डब्यातल्या पोळीबरोबर खा. यात अर्धा लिटर दूध दिवसभरात मिळवा, त्याचे १६ ग्रॅम. तूट इथेच भरली. सोया नको असेल त्या दिवशी तीन उकडलेली अंडी (१८ ग्रॅम), वाटीभर दही आणि मूठभर फुटाणे.

अंडी उकडूनच खा. कच्चं अंडं दुधात फोडून पिणारे तालमीतही होते, पण कच्च्या अंड्यातलं प्रोटीन शरीराला निम्म्याच्या आसपासच मिळतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांपर्यंत. वर पोट बिघडायची भीती वेगळीच.

मेसच्या काकूंना एक विनंती करून बघा: ‘काकू, डाळ तळातून ढवळून वाढा.’ डाळ पातेल्याच्या तळाशी बसते आणि वरचं पिवळं पाणी डब्यात येतं. मी मागितल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. उसळ असेल त्या दिवशी भाजी कमी घेऊन उसळीची दुसरी वाटी घ्या. पोळी-भाताबरोबर डाळ किंवा उसळ असणं फार मोलाचं आहे, कारण धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल (प्रोटीनचा एक घटक) कमी असतं आणि कडधान्यात ते भरपूर असतं. दोन्ही एकाच घासात हवीत असं नाही, दिवसभरात आली की झालं.

मोड आलेल्या मुगांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. ३० ग्रॅम कोरड्या मुगात ७ ग्रॅम प्रोटीन असतं. मोड आल्यावर ते पाणी पिऊन वाटीभर दिसतात, पण प्रोटीन तेवढंच राहतं. खा जरूर, पचायला बरे पडतात. फक्त ती एक वाटी म्हणजे जिमनंतरचं जेवण नव्हे.

भात आणि पोळी मात्र सोडू नका. जिमनंतर फक्त काकडी आणि अंड्याचा पांढरा भाग खाणारी मुलं मी पाहतो आणि मनापासून वाईट वाटतं. स्नायूंतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मेहनतीत वापरली जाते आणि ती पिष्टमय पदार्थांतूनच परत भरते. रात्री भात खाल्ल्याने व्यायाम फुकट जात नाही. वजन वाढतं ते दिवसभराच्या एकूण खाण्याने. तुमचं वजन ६२ आहे आणि तुम्हाला अंग भरायचं आहे. तुम्हाला भात हवाच.

आता जिमच्या आधीच्या खाण्याबद्दल, कारण माझ्या मते तुमची खरी चूक इथे होत असावी. दुपारी दीडला जेवून थेट सात वाजता जिम म्हणजे साडेपाच तास पोट रिकामं, आणि जेवायला नऊ. साडेपाच-सहाला एक केळं आणि मूठभर फुटाणे, किंवा सातूचं पीठ पाण्यात कालवून थोडा गूळ घालून घ्या. मग जिमनंतर घाई करायचं काही कारणच उरत नाही. सकाळी अनोशा पोटी व्यायाम करणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याने मात्र तासाभरात नीट नाश्ता करावा.

पाण्याबद्दल एवढंच, की तासभराच्या व्यायामाला रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक लागत नाही. पाणी प्या, एप्रिल-मेमध्ये मीठ घातलेलं ताक प्या.

पावडर वाईट नाही, हेही सांगायला हवं. ती बहुधा ‘व्हे’ची असते. व्हे म्हणजे चीज-पनीर करताना दूध फाटल्यावर उरणारं पाणी, त्यातलं प्रोटीन वेगळं काढून वाळवलेलं. एका स्कूपमधून साधारण २४ ग्रॅम मिळतात. पुढे पगार वाढला, वेळ कमी पडला, तर घ्या. आज तुमचे पैसे दूध आणि अंड्यांवर जाऊ देत. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उपास करत असाल तर त्या दिवशी जपा. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रोटीन त्यातल्या दाण्याच्या कुटातून येतं. म्हणून कूट सढळ घाला, सोबत दही घ्या आणि झोपताना दूध. जमलं तर जड वजनांचा दिवस उपासाच्या दिवशी ठेवू नका.

तुमच्या मेसमध्ये उसळ आठवड्यातून किती वेळा असते आणि पीजीत फ्रिज वापरता येतो का, ते कमेंटमध्ये लिहा. फ्रिज असेल तर दही-दुधाची वेळ ठरवता येईल. नसेल तर फुटाणे, शेंगदाणे आणि सोया यांवरच आठवडा कसा बसवायचा ते लिहून देतो.