टाळेबंदीच्या तोट्याची तुलना नेमकी कशाशी करावी?

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटले, मग टाळेबंदी फायद्याची होती असे कोणत्या हिशोबाने म्हणावे, असे आपण विचारले आहे.

हा संपूर्ण आकडा टाळेबंदीच्या नावे टाकता येत नाही. आदल्या वर्षाशी तुलना करताना कोरोनाची साथ आलीच नाही असे आपण नकळत धरून चालतो; खरी तुलना साथ आहे पण निर्बंध नाहीत, अशा स्थितीशी करावी लागते. डेन्मार्कने दुकाने बंद केली आणि शेजारच्या स्वीडनने बहुतांशी उघडी ठेवली, तरी बँकेच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात सुरुवातीच्या आठवड्यांत ग्राहकांचा खर्च स्वीडनमध्ये सुमारे २५ आणि डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी घटलेला दिसला. म्हणजे तिथली बरीचशी घट लोकांच्या भीतीमुळेच झाली होती.

मात्र हे प्रमाण मराठवाड्याला जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. हातावर पोट असणारा माणूस भीती वाटली तरी कामावर जातो, त्यामुळे आपल्याकडे बंदीचा वाटा मोठा असणार. शेतमालाच्या वाहतुकीला कागदोपत्री मुभा होती, पण आठवडी बाजार बंद आणि व्यापारी फिरकेना, म्हणून माझे दीड एकर टरबूज वावरातच सडले. 

फायदा मोजताना वाचलेल्या जिवांबरोबर मिळालेला वेळही धरावा लागतो, आणि त्या वेळेची किंमत त्याचा वापर खाटा व प्राणवायू वाढवण्यासाठी किती झाला यावर ठरते. म्हणून सुरुवातीचे निर्बंध मला समर्थनीय वाटतात; त्यांची पद्धत वाटत नाही. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून अंमल सुरू झाला. मुदत दिली असती तर मजुरांबरोबर साथ गावोगावी गेली असती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या दिवशी देशात नोंदलेले रुग्ण सुमारे ५०० होते, आणि १ मेला श्रमिक गाड्या सुरू झाल्या तेव्हा ते ३५,००० च्या पुढे गेले होते. परतणे टळले नाही, फक्त अधिक धोक्याच्या काळात ढकलले गेले. गाड्या सुरू झाल्यानंतरही जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून पायी निघालेले १६ मजूर ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. हा खर्च साथीचा नव्हता आणि त्यातून कोणाचाही संसर्ग टळला नाही, म्हणून तो मी धोरणाच्याच खात्यावर मांडतो.